‘शांत परिसर’ म्हणजे नक्की किती वाजताचा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरच्या रविवारच्या प्रॉपर्टीच्या पानावर मागच्या महिन्यापासून आमच्या घराची जाहिरात येतेय. पहिल्यांदा ती दिसली तेव्हा मला वाटलं अरे वा, छान घर आहे, कुणाचं बरं असेल. फोटोतला हॉल एवढा मोठा की आत क्रिकेट खेळता येईल. मग खिडकीपाशी जमिनीवर इस्त्रीचा जळका डाग दिसला, तो माझ्या दादानेच पाडलेला, आणि कळलं की हे तर आपलंच घर! वाईड अँगलने काढलेला फोटो होता, त्यात आमचा दहा बाय बाराचा हॉल पसरून आडवा झाला होता.

जाहिरात अशी होती : उपनगरातलं प्रशस्त फॅमिली घर, तीन बेडरूम, स्वतंत्र अंगण, शांत परिसर, उत्तम शेजार, सर्व सोयी जवळ. संपलं. तीन बेडरूम आहेत, अंगणही आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण ‘शांत परिसर’ वाचून मी एजंटना फोन केला की अहो हे कुठनं आणलंत, सकाळी आठ ते साडेनऊ आमच्या फाटकातून गाडी बाहेर काढायला दहा मिनिटं लागतात. ते म्हणाले, मॅडम, ते सगळेच लिहितात, कोणी वाचत नाही. म्हणजे कोणी वाचत नाही म्हणून लिहायचं, आणि सगळे लिहितात म्हणून कोणी वाचत नाही, असं हे चक्र आहे बघा.

गंमत म्हणजे यावर खरंच अभ्यास झालाय. स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सिव्हरसन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेत शिकागोच्या आसपासच्या जवळपास १ लाख घरविक्रींचा हिशोब तपासला. जाहिरातीत ‘उत्तम शेजार’, ‘प्रशस्त’, ‘मोहक’ असले शब्द किंवा नुसतं उद्गारचिन्ह असेल तर घर कमी भावात गेलेलं दिसलं, आणि ओट्याचा दगड कुठला, लाकूड कुठलं असं मोजता येणारं, दाखवता येणारं काही लिहिलेलं असेल तर जास्त भावात. शब्दामुळे भाव पडतो असं नाही हं. सांगायला काही ठोस नसलं की माणूस विशेषणं वापरतो, आणि घेणाऱ्यालाही कुठेतरी ते कळतं.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट एजंट लोकांना आवडणार नाही. एजंट स्वतःचं घर विकतो तेव्हा ते गिऱ्हाइकाच्या घरापेक्षा सरासरी साडेनऊ दिवस जास्त बाजारात राहतं आणि ३.७ टक्के जास्त भावाला जातं. म्हणजे स्वतःचं असलं की थांबायचं आणि दुसऱ्याचं असलं की ‘मॅडम, चांगली ऑफर आहे, सोडू नका’. मी यात त्यांना फार दोष देत नाही. वाढलेल्या शंभरातले अठ्ठ्याण्णव आपल्याला आणि दोन त्यांना मिळणार असतील तर त्या दोनासाठी तो माणूस अजून दहा दिवस चाव्या घेऊन कशाला फिरेल. फक्त हे आधी माहीत असलेलं बरं.

आता आमचंही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई दुसऱ्यांनाच बोलतेय. मागच्या खोलीच्या उत्तरेकडच्या भिंतीला ओल आहे. जमिनीपासून साधारण कंबरेपर्यंत चढते, वर नाही, वर कोरडी ठणठणीत. जमिनीतून चढणारी ओल साधारण मीटरभर उंचीपर्यंतच जाते आणि तिथे पांढऱ्या क्षाराची रेघ सोडते, त्यामुळे ही जमिनीतली ओल, छपरातली गळती नाही, एवढं आम्हाला बाबांच्या काळापासून माहितीये. दादाचा फोन आला, म्हणाला अगं तेवढी एक भिंत रंगवून घे ना. मी म्हटलं अरे, घरात एकच भिंत ताजी रंगवलेली दिसली तर मी स्वतः पहिली तिथेच नाक लावीन. सगळं घर जुन्या रंगात आणि एक भिंत नवी कोरी, म्हणजे ओल इथे आहे अशी पाटीच लावल्यासारखं. शेवटी नाही रंगवली. पण खोटं का बोलू, दोन दिवस मनात तेच चाललं होतं की कपाट सरकवावं तिकडे.

१९७० साली जॉर्ज अ‍ॅकरलॉफ नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने जुन्या गाड्यांच्या बाजाराचं उदाहरण घेऊन हे मांडलं होतं आणि २००१ साली त्याला त्या कामाबद्दल नोबेल मिळालं (आणखी दोघांबरोबर). त्याचं म्हणणं असं की विकणाऱ्याला माल कसाय ते माहीत, घेणाऱ्याला नाही, मग घेणारा सगळ्यांनाच संशयाने कमी भाव देतो, मग ज्याचा माल खरंच चांगला आहे तो म्हणतो एवढ्यात मी कशाला विकू आणि बाजारातून निघून जातो, आणि मागे उरतो तो खराब माल. घराच्या बाबतीत भिंतीचं तरी घेणारा माणूस आणून तपासून घेऊ शकतो. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली भेग पाया बसल्याची असू शकते, ५ मिलिमीटरपर्यंतची असली तर सहसा फार घाबरण्यासारखं नसतं, त्याहून रुंद असली तर इंजिनिअर बोलवा, हे सगळं मोजता येतं. अंगणाचा उतार घराकडे आहे की घरापासून लांब, हे एक बादली पाणी ओतून कळतं. पण गल्लीचं काय? गल्लीबद्दल जे विकणाऱ्याला माहीत असतं ते तपासायला कोणी माणूस मिळत नाही. तिथे राहिल्याशिवाय ते समजतच नाही आणि राहायला गेलात तोवर पैसे देऊन झालेले असतात.

आणि मला खरं पत्र लिहायचंय ते या गल्लीबद्दल, एवढा वेळ घराबद्दलच बोलत बसले.

घर बघायला आतापर्यंत अकरा कुटुंबं येऊन गेली. सगळी रविवारी सकाळी नाहीतर दुपारी. सगळ्यांनी नळ सोडून पाहिले, कपाटं उघडली, एकाने तर टेप आणून फ्रीजची जागा मोजली. अकरातल्या दहांनी फाटकाबाहेर गाडी लावली, आत आले, बाहेर पडले, गाडीत बसले. समोर कोण राहतं, कोपऱ्यावर पाणी तुंबतं का, रात्री दिवे लागतात का, एकाने विचारलं नाही. त्यांची चूक नाही, रविवारी दुपारी आमची गल्ली खरोखर इतकी गोड दिसते की मलाच विकू नये असं वाटतं.

आमच्या लहानपणी ही गल्ली दिवसभर अशीच असायची. रस्त्याच्या मधोमध खेळायचो, गाडी आली की कोणीतरी ओरडायचं आणि सगळे बाजूला, ती गेली की परत खेळ चालू. गाडी कोणाची ते हॉर्नवरून कळायचं कारण गल्लीतल्याच गाड्या होत्या. आता मोबाईलवरच्या मॅपने आमच्या गल्लीचा शोध लावलाय. मोठ्या रस्त्यावर ट्रॅफिक झालं की मॅप सांगतो इकडून वळा, चार मिनिटं वाचतील, आणि ज्यांचं इथे कोणी नाही, ज्यांना गल्लीचं नावही माहीत नाही अशी माणसं आमच्या फाटकासमोरून जातात. त्यांची चार मिनिटं वाचतात खरी.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोमध्ये डोनाल्ड अ‍ॅपलयार्ड नावाच्या प्राध्यापकाने १९६० च्या दशकाच्या अखेरीस तीन रस्त्यांचा अभ्यास केला. तिन्ही दिसायला सारखे, फरक फक्त वाहनांचा, एकावर दिवसाला साधारण २ हजार, दुसऱ्यावर ८ हजार, तिसऱ्यावर जवळपास १६ हजार. त्याने लोकांना विचारलं की या रस्त्यावर तुमचे मित्र किती, ओळखीचे किती. कमी रहदारीच्या रस्त्यावर माणशी सरासरी ३ मित्र आणि ६.३ ओळखीचे निघाले. जास्त रहदारीच्या रस्त्यावर मित्र ०.९ आणि ओळखीचे ३.१. मग त्याने लोकांना कागदावर दाखवायला सांगितलं की ‘आपली जागा’ कुठून कुठपर्यंत वाटते. कमी गाड्यांच्या रस्त्यावरच्यांनी अख्खा रस्ता आपला म्हणून दाखवला, जास्त गाड्यांच्या रस्त्यावरच्यांची रेघ आपल्याच इमारतीपाशी संपली. हा माणूस पुढे १९८२ मध्ये अथेन्सला एका भरधाव गाडीखाली सापडून गेला, हे वाचल्यावर मी बराच वेळ नुसती बसून होते.

मी हे वाचलं आणि आमच्या घरी तो प्रयोग केला. दादाला फोनवर विचारलं, आपली जागा कुठपर्यंत वाटायची रे तुला? तो लगेच म्हणाला, कोपऱ्यावरच्या विजेच्या डब्यापर्यंत. अजिबात विचार न करता, पंचवीस वर्षं झाली त्याला इथून जाऊन. मग मी आमच्या भाचीला विचारलं, ती गेली तीन वर्षं इथे राहून शिकतेय. ती म्हणाली, फाटकापर्यंत. मग थोडं थांबून म्हणाली, फाटकाच्या आतल्या कडीपर्यंत.

आवाजाचा मीटर लावला असता तर हे त्यात दिसलंच नसतं. वाहनं दुप्पट झाली तरी आवाज साधारण ३ डेसिबलनेच वाढतो, आणि कानाला ‘दुप्पट मोठा’ वाटायला १० डेसिबल लागतात. म्हणजे मीटरवाला म्हणेल फार काही फरक नाही मॅडम. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१८ मध्ये सांगितलंय की रस्त्यावरच्या वाहतुकीचा रात्रीचा आवाज ४५ डेसिबलच्या खाली असावा, ठीक आहे, रात्री आमच्याकडे तेवढा नसेलही. पण समोरच्या काकूंशी फाटकात उभं राहून बोलायचं तर आता दोघींपैकी एकीला रस्ता ओलांडावा लागतो, आणि गुडघे दोघींचेही गेलेत, त्यामुळे आम्ही हात हलवतो आणि आत जातो. हे कुठल्या कॉलममध्ये भरायचं?

बरं, हे टाळता येतं हे लोकांना शंभर वर्षांपासून माहीत आहे. क्लॅरेन्स पेरी नावाच्या माणसाने १९२९ मध्ये वस्ती कशी असावी याचं एक चित्र मांडलं. मध्ये शाळा, कुठल्याही घरापासून चालत जायला साधारण ४०० मीटर, म्हणजे पाचेक मिनिटं, मोठी वाहतूक वस्तीच्या कडेच्या रस्त्यांवरून, आणि आतले रस्ते फक्त आपापल्या घरी जाण्यापुरते, आरपार कुणाला जाता येऊ नये असेच काढलेले. त्यातली शाळा आमच्याकडे आहे, चालत सहा मिनिटं. आतले रस्तेही तसेच होते म्हणा, मॅप येईपर्यंत.

यावरून आठवलं, ‘सर्व सोयी जवळ’ म्हणजे कोणाच्या पायांनी जवळ? माझी भाची बस स्टॉपला पाच मिनिटांत जाते, आईला शेवटच्या वर्षांत चौदा लागायची, आणि मध्ये बसायला एकच जागा, एका घराचा ओटा. त्या घरवाल्यांनी नंतर तिथे कुंड्या मांडल्या आणि आईचं बसने जाणं बंद झालं. मुद्दाम नाही केलं त्यांनी, त्यांना कुठे माहीत होतं. घर घेताना माणूस आपल्या आजच्या पायांनी अंतर मोजतो हे मात्र मी बघितलंय.

आता ‘उत्तम शेजार’. हा शब्द मला सगळ्यात जास्त खटकतो. एका कुटुंबाला घर दाखवताना एजंट हळूच म्हणाले, काळजी नको, इथे सगळे आपल्यासारखेच लोक आहेत. मी तिथेच उभी होते. आपल्यासारखे म्हणजे कसे हो? पंचेचाळीस वर्षं राहिलो आम्ही इथे आणि उपयोगी पडलेले शेजारी आमच्यासारखे अजिबात नव्हते. उपनगर या गोष्टीचा इतिहास बघितला तर या वाक्यामागे काय काय असतं ते कळतं. न्यूयॉर्कजवळ १९४७ पासून लेव्हिटटाउन नावाची वस्ती उभी राहिली, १७ हजारांवर घरं, कारखान्यात माल निघावा तशी, आणि करारातच लिहिलेलं की गोऱ्यांशिवाय कोणी इथे राहू नये (नोकर म्हणून आलं तर चालेल!). १९४८ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की असले करार कोर्टातून अंमलात आणता येणार नाहीत, आणि १९६८ च्या कायद्याने घरविक्रीतल्या भेदभावालाच बंदी आली. संपादक साहेब, त्या कायद्यात अमुक लोकांना प्राधान्य असं सुचवणारी जाहिरात छापण्यालाही बंदी आहे, नुसती देण्याला नाही. म्हणून तुम्हाला लिहितेय.

शेजार कसा आहे हे सांगायचंच असेल तर माणसं कोण आहेत ते न सांगता काय करतात ते सांगता येतं की. मी एक पान लिहून काढलंय, हाताने, पाठपोट. त्यात लिहिलंय की सकाळी आठ ते साडेनऊ आणि संध्याकाळी सहा ते आठ गल्लीतून परक्या गाड्या जातात, कोपऱ्यावर पाणी तुंबतं पण आमच्या फाटकापर्यंत येत नाही, मागच्या खोलीत फोनला रेंज नाही आणि भिंतीला ओल आहे, पश्चिमेची बेडरूम दुपारी तापते, डावीकडच्यांचा कुत्रा अनोळखी माणसावर आठवडाभर भुंकतो आणि मग कधीच भुंकत नाही, उजवीकडचे फार बोलत नाहीत पण आमच्या घराची जादा चावी वीस वर्षं त्यांच्याकडे आहे आणि बाबा पडले त्या रात्री अँब्युलन्सच्या आधी तेच आत आले होते. शाळेची घंटा ऐकू येते. तिसरा दिव्याचा खांब तक्रार केल्याशिवाय दुरुस्त होत नाही, तक्रार कुठे करायची तो नंबरही लिहिलाय.

एजंटना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, मॅडम, घर विकायचंय ना तुम्हाला? दादा म्हणाला, अगं चावीचं ठेव, ओलीचं काढ. मी म्हटलं, ओलीचं आहे म्हणून तर चावीचं खरं वाटेल ना रे. त्यावर आमचं भांडण झालं, आणि त्या भरात किमतीवरूनही झालं, कारण त्याला जो भाव वाटतो तो मलाही कमी वाटतो आणि मला वाटतो तो कोणी देणार नाही. यालाही अभ्यास आहे. कानमन, क्नेत्श आणि थेलर या तीन संशोधकांनी १९९० मध्ये काही विद्यार्थ्यांना कॉफीचे साधे मग वाटले आणि विकायला सांगितले, तर ज्यांच्या हातात मग होता त्यांनी, न मिळालेले जेवढे पैसे द्यायला तयार होते त्याच्या साधारण दुप्पट किंमत मागितली. आणि तो मग हातात येऊन जेमतेम काही मिनिटं झालेली. आमच्या दाराच्या चौकटीवर दोघांच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत, आम्ही किती मागणार सांगा. घेणारा त्या चौकटीकडे बघतो आणि म्हणतो, दार बदलावं लागेल.

अकरावं कुटुंब मात्र वेगळं निघालं. ते पहिल्यांदा रविवारी आले आणि मग न सांगता मंगळवारी संध्याकाळी सातला परत आले, पाऊस चालू होता. सोबत एक आजी होत्या. त्या घरात आल्याच नाहीत. छत्री धरून फाटकाशी वीसेक मिनिटं उभ्या, गाड्या बघत, मग कोपऱ्यापर्यंत जाऊन पाणी बघून आल्या. आत येऊन खुर्चीवर बसल्या आणि मला म्हणाल्या, शेजारी हाक ऐकू जाते का हो? मी त्यांना ते पान दिलं. त्यांनी चष्मा लावून पाठपोट वाचलं, ओलीपाशी थांबल्या, मुलाकडे बघितलं, आणि परत वाचायला लागल्या. त्यांचं अजून काही कळवणं आलेलं नाही. किंमत कमी करायला सांगतील बहुतेक, आणि भिंतीच्या दुरुस्तीपुरती आम्ही करूही.

तर विनंती एवढीच आहे की तुमच्या त्या पानावर प्रत्येक जाहिरातीत क्षेत्रफळ, मजला, पार्किंग यांचे रकाने असतात, तिथे दोन रकाने अजून घाला. एक, समोरचा रस्ता आरपार जातो का. दुसरा, बस किंवा स्टेशनपर्यंत चालत किती मिनिटं, आणि ती कोणी चालून मोजली. लोक खोटं लिहितील हे मला मान्य आहे, पण मोजता येणारं खोटं मंगळवारी संध्याकाळी येऊन पकडता तरी येतं.

आणि आमची जाहिरात अजून दोन रविवार यायची आहे, पैसे भरून झालेत, एजंट शब्द बदलायला तयार नाहीत. ‘शांत परिसर’च्या पुढे कंसात ‘दुपारी २ ते ४’ एवढं तुमच्याकडून घालता आलं तर बघा, फार जागा लागणार नाही.

आपली,
एक जुनी वाचक